तांड्याची चूल आणि विजेची शेगडी

गोरेगाव म्हणताच मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे उपनगरी आगगाडीचे गजबजलेले स्थानक उभे राहील. परंतु आज मला ज्या गोरेगावी आपणांस न्यावयाचे आहे ते हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1999 रोजी हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला. काळ्या जमिनीचा, ज्वारी, कापूस, सोयाबीन आणि हळद यांचा हा मुलूख. औंढ्याचा नागनाथ, नामदेवरायांची नरसी आणि थोडे पलीकडे गेल्यास लोणारचे सरोवर, या तिन्ही ठिकाणांच्या ओढीने प्रवासी या बाजूस येतात. आता अशी कल्पना करा की, पुण्याचे एक चौकोनी कुटुंब मोटारीचेच घर करून या यात्रेस निघाले आहे. गाडीत निजावयाच्या फळ्या आहेत, पाण्याची टाकी आहे, आणि गॅसची टाकी मुद्दाम वर्ज्य करून विजेची शेगडी, विजेचे भाताचे भांडे व पाणी तापविण्याची किटली एवढा सरंजाम घेतला आहे. दिवस मावळताना गाडी गोरेगावच्या शिवारात थांबते. मुलांना भूक लागली आहे. या घडीला त्या गृहिणीपुढे जो प्रश्न उभा राहतो त्याचा इतिहास पाहावयाचा, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा हेतू आहे.

फिरत्या घराची ही कल्पना विलायतेहून आली असे आपण समजतो. घोड्यांनी ओढावयाची, केवळ सहलीसाठी बांधलेली पहिली नामांकित गाडी विल्यम गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकाने 1885 मध्ये इंग्लंडात करवून घेतली आणि तिला त्याने ‘वाँडरर’ असे नाव दिले, हे खरे. परंतु ज्या प्रांतात आपले पुणेकर कुटुंब येऊन थांबले आहे, त्या प्रांताला चालत्या संसाराची ओळख याहून किती तरी जुनी आहे. हिंगोलीच्या भोवताली बंजारा समाजाच्या वस्त्यांना आजही ‘तांडा’ म्हणतात. हे तांडे आता एका जागी स्थिरावले असले, तरी मूळचा तांडा म्हणजे चालता बैलतळ. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी 1632 साली आग्र्याहून पाटण्याकडे जात असता त्याला असा एक तांडा भेटला. त्यात 14,000 बैल होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर धान्याची गोणी होती. तांड्याबरोबर बायका-मुले आणि सगळा संसार चाले. पुढे ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. मोगलांच्या फौजा, मराठ्यांच्या फौजा, निजामाच्या फौजा, सर्वांचे पोट या बैलांच्या पाठीवर होते. 1803 च्या सप्टेंबरात असईची लढाई झाली तेव्हा वेलस्लीच्या सैन्याला धान्य पुरविण्याचे काम बंजाऱ्यांकडेच होते. असई हे आजच्या जालना जिल्ह्यात, म्हणजे या भागापासून फार दूर नाही.

या चालत्या संसाराची चूल कशी असे? मुक्कामावर तीन धोंडे मांडले की चूल झाली. जळण म्हणून वाटेवरच्या काटक्या आणि तांड्याच्याच बैलांचे शेण. किती सुटसुटीत व्यवस्था ही! ओझे वाहणारे जनावरच जळण पुरवी. एका मुक्कामावर थापलेल्या गोवऱ्या वाळल्या की पुढच्या मुक्कामाची सोय झाली. चूल बरोबर न्यावयाची नाही, ती प्रत्येक गावी नव्याने करावयाची आणि उठताना राख मागे सोडावयाची. बरोबर न्यावयाचा तो फक्त लोखंडी तवा, दोन-चार भांडी आणि पीठ. विजेच्या शेगडीच्या गोष्टीत या लोखंडी तव्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे, तेव्हा तो ध्यानात असू द्यावा.

तांड्यांचा व्यापार बुडविला तो आगगाडीने आणि पक्क्या सडकांनी. हिंगोलीस निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. तिच्या बाजारास माल लागे. 1903 मध्ये ती फौज मोडून हिंदुस्थानच्या मुख्य लष्करात विलीन झाली. पुढे 1912 साली पूर्णेहून हिंगोलीपर्यंत आगगाडीचा फाटा आला आणि गोण्या वाहणाऱ्या बैलाचे उरलेसुरले कामही गेले. चालता संसार थांबला, आणि त्याबरोबर चालती चूलही थांबली.

पांढरपेशा प्रवाशांची गोष्ट वेगळी होती. त्यांना धर्मशाळेच्या ओट्यावर धोंडे मांडून धूर खावयाचा नव्हता. त्यांच्यासाठी दोन उपकरणे आली. स्वीडनच्या लिंडक्विस्टने 1892 च्या सुमारास काढलेला दाबाने पेटणारा रॉकेलचा स्टोव्ह हे एक. ‘प्रायमस’ हे त्याचे नाव आपल्याकडे घरोघर झाले. दुसरे बंगालच्या इंदुमाधव मल्लिकांनी 1910 मध्ये योजलेला इकमिक कुकर. तळाशी थोडे निखारे, वर एकावर एक डबे. वरण, भात, भाजी एकदमच वाफेवर शिजावयाची. ज्यांच्या घरी आजोबांच्या काळचा असा कुकर माळ्यावर पडलेला असेल त्यांनी तो एकदा उतरवून पाहावा. थोड्या आचेत, बंद भांड्यात, वाफ न दवडता शिजविणे हा त्याचा मंत्र; आणि विजेच्या शेगडीवर प्रवासात स्वयंपाक करणाऱ्याला आज तोच उपयोगी पडतो, हे पुढे दिसेल.

विजेने अन्न शिजविण्याची कल्पना काही आजकालची नाही. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेवर चालणारे संपूर्ण स्वयंपाकघर मांडले होते. परंतु त्या वेळच्या तारा तापून चटकन जळून जात. अल्बर्ट मार्श या अमेरिकन गृहस्थाने निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू तयार केला व 1906 मध्ये त्याचे एकस्व मिळविले. ही ‘नायक्रोम’ तार लालभडक होऊनही टिकू लागली आणि मगच विजेची शेगडी घरात शिरू शकली. जपानात 1955 च्या डिसेंबरात भात आपोआप शिजवून थांबणारे विजेचे भांडे विक्रीस आले. चुंबकीय शेगडी, जिला आता सर्वजण इंडक्शन म्हणतात, तिचे तत्त्व फॅरडेने 1831 मध्येच दाखविले होते. ती लोकांपुढे आली मात्र 1950 नंतर. गंमत अशी की, अमेरिकेतील मोटारी बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या फिरत्या प्रदर्शनातूनच ती गावोगाव दाखविली गेली. शेगडी आणि भांडे यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवीत. वर पाणी उकळे आणि कागद मात्र जळत नसे.

आपल्या महाराष्ट्रात चालत्या वाहनातील विजेच्या स्वयंपाकाचे उदाहरण शोधावयाचे झाल्यास लांब जावयास नको. 1915 साली खोपोलीच्या पाण्याची वीज मुंबईस आली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईच्या बोरीबंदराहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली आगगाडी धावली. आणि 1 जून 1930 पासून मुंबई व पुणे यांमध्ये ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. या गाडीचा भोजनाचा डबा प्रसिद्धच आहे. टेबलाशी बसून ऑम्लेट-टोस्ट खात घाट उतरण्याचे सुख पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांनी घेतले. या डब्यात पुढे सूक्ष्मलहरींची भट्टी, टोस्टर, शीतपेटी ही विजेची उपकरणे आली, आणि 2022 च्या जूनमध्ये गाडीला नव्या बांधणीचे डबे मिळाले तेव्हाही भोजनाचा डबा कायम राहिला. अशा नव्या गाड्यांत दिवे, पंखे आणि स्वयंपाक यांस लागणारी वीज वरच्या तारेतून इंजिनात व इंजिनातून 750 व्होल्टच्या दाबाने डब्यांत येते. म्हणजे इंजिन नुसते ओढीत नाही, चहाही उकळते. एका इंजिनापाशी हजारो किलोवॅट असल्यावर त्यातले शे-दोनशे स्वयंपाकाला दिल्याने त्याचे काय जाते!

रेल्वेने ज्वालेचा स्वयंपाक कमी करण्याचा मार्ग का धरला, हे समजण्यास एक दुःखद प्रसंग सांगितला पाहिजे. 26 ऑगस्ट 2023 च्या पहाटे मदुरा स्थानकाच्या आवारात यात्रेकरूंचा एक खासगी डबा उभा होता. मंडळी उत्तर प्रदेशातून दक्षिणेच्या तीर्थयात्रेस आली होती. कायद्याने मनाई असताना डब्यात गॅसची टाकी नेलेली होती. पहाटे चहा करावयास घेतला आणि आग भडकली. 9 माणसे गेली. हा डबा म्हणजे तरी काय होता? रुळांवरचा तांडाच. निजणे, उठणे, रांधणे सगळे एकाच लाकडी-पत्र्याच्या खोक्यात, दारे बंद करून. मोटारीचे घर त्याहूनही लहान. त्यात निजावयाच्या गादीपासून शेगडी हातभर अंतरावर असते, पडदे असतात, आणि पावसाळ्यात खिडक्या लावून घेतलेल्या असतात. गॅस हवेहून जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचून राहतो; आणि कोळशाची शेगडी बंद जागेत ठेवली तर तिच्या विषारी वायूचा वासही येत नाही. आपल्या पुणेकर गृहिणीने गॅस वर्ज्य केला तो हौसेने नव्हे.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्यात गाड्या उभ्या करण्याची स्थाने, पाणी, वीज यांचा विचार आहे. परंतु धोरण कागदावर उतरणे आणि गोरेगावच्या शिवारात विजेची खुंटी सापडणे यांमध्ये बरेच अंतर आहे. तेव्हा त्या संध्याकाळी गाडीपाशी असलेल्या विजेचा हिशेब आपण मांडू. आकडेमोड ऐकावयास कंटाळवाणी खरी. पण हा सगळा विषयच आकड्यांवर उभा आहे, म्हणून थोडा वेळ सोसावी.

1 लिटर पाणी घरच्या तपमानापासून उकळीपर्यंत आणावयास सुमारे 0.09 युनिट उष्णता लागते. वाया जाणारी धरून 0.1 युनिट म्हणा. चौघांची मुगाची खिचडी दाबाच्या कुकरात पाव युनिटात होईल. एक भाजी, दोन वेळचा चहा आणि आठ भाकऱ्या मिळून जेवण साधारण एका युनिटाच्या घरात जाते. आता मोटारीत जी शिशाची बॅटरी असते ती 12 व्होल्टची. 100 अँपिअर-तासांची धरली तर तिच्यात सव्वा युनिटाहूनही किंचित कमी वीज मावते, आणि तिचे आयुष्य राखावयाचे असेल तर त्यातली निम्मीच काढावी. म्हणजे जेवण अर्ध्यावर आले की बॅटरी संपली. शिवाय 1,500 वॅटची शेगडी 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवावयाची तर, उलटफेर करणाऱ्या इन्व्हर्टरमधील गळती धरून, सुमारे 140 अँपिअरचा प्रवाह तारांतून खेळावा लागतो. एवढ्या प्रवाहात तारेचा रोध एका ओहमचा नुसता शंभरावा भाग असला, तरी जवळजवळ 200 वॅट त्या तारेतच तापून जातात. घरच्या दिव्याची बारीक तार येथे लावणाऱ्याने शेगडीऐवजी तारच पेटविली असे होईल. लोह-फॉस्फेटाच्या लिथियम बॅटऱ्या आल्यापासून हे संकट बरेच हलके झाले आहे. 200 अँपिअर-तासांची अशी बॅटरी अडीच युनिटे बाळगते आणि त्यातली बहुतेक सगळी वापरू देते. टपावर 400 वॅटच्या सौर पट्ट्या असतील तर मराठवाड्याच्या उन्हात दिवसाकाठी दीड-पावणेदोन युनिटे परत मिळतात. आषाढातल्या ढगाळ दिवशी मात्र त्यांच्या भरवशावर डाळ भिजत घालू नये.

मग गावची वीज घ्यावी हे ओघानेच आले. गावात कोणी ना कोणी भला गृहस्थ पाहुण्यांना आपल्या ओसरीवरची खुंटी देतोच. येथे शहरातील माणसाच्या हातून चूक होण्याचा फार संभव असतो. आपल्याकडे घरातील लहान खुंटी 6 अँपिअरची असते. 230 व्होल्टला ती फार तर 1,380 वॅट सोसते. 1,500 वॅटची शेगडी तिच्यावर लावू नये. तिला 16 अँपिअरची मोठी खुंटी हवी आणि जमिनीशी जोडणीही हवी, कारण मोटारीचा सांगाडा लोखंडी आणि पाय ओल्या मातीत असतात. दुसरी गोष्ट दाबाची. संध्याकाळी गावातील सगळे दिवे, पंखे, पिठाची गिरणी एकदम चालू झाली की तारेच्या शेवटच्या घरी दाब उतरतो. तो 180 व्होल्टवर आला तर तारेच्या शेगडीची आच दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 1,000 वॅटची शेगडी 600 वॅटांवर येते आणि भात अर्धा तास जास्त खातो. गृहिणी शेगडीला दोष देते. शेगडी बिचारी मिळेल तेवढेच देते. शेतातील पंपाच्या तारेची तर निराळीच तऱ्हा. शेतीची वीज ठरल्या तासांनाच मिळते, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. तिच्या आशेवर कोणी स्वयंपाक मांडीत नाही. तारेवर आकडा टाकणे हा 2003 च्या वीज कायद्याने गुन्हा आहे. आणि यजमानाच्या मीटरवर दोन-तीन युनिटे आपल्यामुळे चढली, तर निघताना त्याच्या मुलाच्या हातावर खाऊला म्हणून काही ठेवावे. तो पैसे घेणार नाही, हे मी गृहीत धरतो.

या मुलखात चाकांवरची भट्टी मात्र आहे, आणि ती पाहण्यासारखी आहे. हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद काढली की उकडावी लागते. पूर्वी शेतात मोठी कढई मांडून तीत ती उकडीत. हल्ली ट्रॅक्टरच्या गाड्यावर बसविलेले वाफेचे पिंप शेतोशेत फिरते, आज या मळ्यात तर उद्या त्या मळ्यात. खाली लाकडे जळतात, वाफ पिंपांत शिरते, आणि हळदीचा उग्र वास शिवारभर पसरतो. चाकांवर बसविलेल्या या भट्टीत विजेला जागा नाही, कारण क्विंटलांनी माल शिजवावयाचा तर लागणारी उष्णता कोणत्याही शेताच्या तारेला झेपणार नाही.

हाच हिशेब दिंडीला लावून पाहा. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरीकडे जाताना हिंगोली जिल्ह्यातून, नरसीवरून जाते. शेकडो माणसे चालतात आणि त्यांचे अन्न मोठ्या चुलाणांवर शिजते. 1,000 माणसांचा भात म्हणजे 100 किलो तांदूळ आणि अडीचशे लिटर पाणी; त्याला नुसती उकळी यावयास 25 युनिटे लागतील. ती अर्ध्या तासात द्यावयाची तर 50 किलोवॅट हवेत. खेड्यातील रोहित्र पुष्कळदा 63 किंवा 100 केव्हीएचे असते. दिंडीने विजेवर भात घातला तर गाव अंधारात बसेल. चौघांच्या गाडीला जे साधते ते चारशेंच्या पंगतीला साधत नाही. म्हणून फिरत्या स्वयंपाकात वीज अजून लहान संसाराचीच दासी राहिली आहे.

आता त्या लोखंडी तव्याची आठवण करा. चुंबकीय शेगडीवर तांब्याचे पातेले ठेवले तर ते थंडच राहते. पितळेचे नाही, ॲल्युमिनियमचे नाही. आजीची कल्हईची भांडी घेऊन निघालेल्या कुटुंबाची येथे फजिती होते. तिला लोखंड पाहिजे, किंवा चुंबक चिकटेल असे पोलाद. तांड्यातील बाईने तीन धोंड्यांवर ठेवलेला तवा जर सपाट बुडाचा असेल, तर तो या शेगडीवर तंतोतंत चालेल. चारशे वर्षांत चूल बदलली, तवा तोच राहिला. पण मराठवाड्यात तव्याचे काम तव्यावरच संपत नाही. काटवटीत मळलेली ज्वारीची भाकरी थापून तव्यावर टाकावयाची, वरून पाण्याचा हात फिरवावयाचा, उलटावयाची, आणि मग तवा उतरवून ती निखाऱ्यांच्या तोंडाशी उभी करावयाची. तेथे ती टम्म फुगते आणि तिला पापुद्रा सुटतो. इंडक्शनवर निखारा नाही आणि ज्वाळाही नाही. तव्यावरच फडक्याने दाबून फुगविलेली भाकरी पोट भरते. परंतु तिला चुलीच्या भाकरीचा खरपूसपणा येत नाही, हे ज्याने दोन्ही खाल्ल्या आहेत तो कबूल करील.

तारेच्या शेगडीवर थोडे साधते. तवा काढून लाल झालेल्या तारेवर जाळी ठेवावी व तिच्यावर भाकरी एकदा फिरवावी. मात्र त्या वेळी शेगडीचे बटण बंद करण्यास विसरू नये, आणि लोखंडी चिमटा तारेला लागू देऊ नये; तारेत अजून वीज असेल तर चिमट्यातून ती हाती येते. तार विझल्यावरही मिनिट-दोन मिनिटे आच देत राहते, तेवढी एका भाकरीला पुरते. दुसऱ्या भाकरीला पुन्हा तापवावी लागते. गोरेगावच्या शिवारात आठ भाकऱ्या अशा रीतीने व्हावयास पाऊण तास लागेल, आणि तोवर खिचडी थंड न व्हावी म्हणून कुकर घोंगडीत गुंडाळून ठेवणे बरे.